वयाला योग्य तेवढ्याच बातम्या

४ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ६.१०
शाळेतल्या 'विद्यार्थ्यांचा आवाज' या उपक्रमाचा प्रमुख मी! हेडबाईंनी शनिवारी स्टाफरूममध्ये विचारलं, कोण घेणार, आणि सगळे एकदम वह्या तपासायला लागले. माझा एकट्याचा हात वर. पर्यवेक्षकाची जागा रिकामी आहे, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. वीस तारखेला इन्स्पेक्टरसाहेब येणार आहेत, त्याचाही नाही.
संकल्प: मुलांना बोलतं करणार. चालू घडामोडी वाचायला लावणार. निर्भय पिढी वगैरे.

५ सप्टेंबर
घरचा पेपर नेऊन शाळेच्या फलकावर लावला. अर्थात आधी चाळून. वयाला योग्य नाही ते कात्रीने काढलं: संप, परीक्षेतली कॉपी, दोन पुढाऱ्यांची तू-तू मैं-मैं, शाळांच्या गळक्या छपरांवरचा लेख. (आपलंही गळतं. उगाच कशाला!) उरलं हवामान आणि क्रिकेट. मागच्या बाजूचं शब्दकोडं अर्धं गेलं, त्याला इलाज नाही. बायको म्हणाली, अहो, मी अजून पेपर उघडलाही नव्हता. चांगल्या कामाला घरचे पाठिंबा देत नाहीत ते असे.

७ सप्टेंबर
फलकापुढे ही गर्दी! मुलं वहीत काहीतरी टिपूनसुद्धा घेतात. माझी कन्या सगळ्यांत पुढे. नववीत आहे, माझ्याच वर्गात. घरी मात्र मी काहीही म्हटलं की नुसतं 'हं'. लाजाळू आहे. आज तिला सांगितलं, बाळा, मनात असेल ते बिनधास्त बोलत जा. ती म्हणाली, बाबा, मला ना... तेवढ्यात माझा फोन वाजला. राहून गेलं.

१२ सप्टेंबर
केस कापायला गेलो. सलूनवाला म्हणाला, सर, तुमची पोरं रोज साडेचारला येतात, पेपर वाचतात, तावातावाने भांडतात, गिऱ्हाइकाला बसायला बाक उरत नाही. ऊर भरून आला. शाळेत वाचून मन भरत नाही म्हणून पुन्हा वाचतात! ही गोडी लावली कोणी? कन्या कोपऱ्यात बसली होती. मला बघून तिनं पेपर मिटला. लाजाळूच.

१५ सप्टेंबर
वीस तारखेच्या वादविवादाचा विषय नक्की केला: 'वर्तमानपत्र उपयुक्त की अत्यंत उपयुक्त?' दोन्ही बाजूंची भाषणं मीच लिहून दिली. त्याने समतोल राहतो. कन्या 'अत्यंत'च्या बाजूने. तिनं विचारलं, माझं मी लिहू का? म्हटलं, अगं, आवाज तुझाच असणार आहे ना!

२० सप्टेंबर. दुपारी २.४०
 विश्वासघात! तोही पोटच्या पोरीकडून.
हॉल भरलेला. पहिल्या रांगेत साहेब. कन्या उठली, मी लिहिलेल्या भाषणाची घडी घालून टेबलावर ठेवली आणि पिशवीतून पेपर काढले. फलकावरून उतरवलेले, दोन आठवड्यांचे, सगळे जपून ठेवले होते तिनं. एकेक उघडून साहेबांना भोकं दाखवली. म्हणाली, काय वाचायचं ते आम्हाला सरांनीच शिकवलं. भोक दिसलं की समजायचं, बातमी महत्त्वाची. पान आणि जागा वहीत टिपायची, सलूनमध्ये जायचं आणि तेवढंच वाचायचं.
मग ती छपरावर बोलली. साहेबांनी मान वर केली. त्यांच्या डोक्यावर ओलीचा हा मोठा डाग. टाळ्या थांबेनात.
हिच्या वह्यांना मी कव्हरं घातली. हिला सायकल शिकवताना गुडघे मी फोडून घेतले. आणि भर सभेत मला 'सर' म्हणाली. एकदाही 'बाबा' नाही.

२१ सप्टेंबर
सकाळपासून घरात मौन धरलं. संध्याकाळपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. चहाच्या वेळी स्वतःच सोडलं.

२२ सप्टेंबर
पर्यवेक्षक झाले पी.टी.चे सर. उपक्रमही त्यांच्याकडे. ते स्वतः पेपर वाचत नाहीत. म्हणाले, मुलं वाचतायत ना, मी कशाला मध्ये पडू? याला म्हणे नेतृत्व! हेडबाई म्हणाल्या, छपराला मंजुरी मिळाली, तुमच्या कात्रीचे आभार. टोमणा होता की काय, कळलं नाही.

२४ सप्टेंबर, रविवार. सकाळी ९.३०
पेपर हातात घेतला तर तिसऱ्या पानावर भोक. चौकोनी, कडा सरळ. माझ्यापेक्षा सफाईदार.
लख्ख प्रकाश पडला. कार्यक्रमाची बातमी! बापाची बेअब्रू छापून आणली आणि वर लपवते! चपला अडकवून तडक सलून गाठलं. बाकावर माझ्याच वर्गातली मुलं. काही न विचारता सरकून जागा दिली आणि तिसरं पान माझ्यापुढे धरलं.
बातमी होती. साहेबांनी केलेलं कौतुक होतं, हेडबाईंचा फोटो होता, 'उपक्रमाचे जनक' म्हणून पी.टी.चे सर होते. मी नव्हतो. दोनदा वाचली. कात्रीसुद्धा होती, 'एका शिक्षकाची'.
घरी येऊन कन्येला विचारलं, का कापलंस? ती म्हणाली, तुमच्यासाठी योग्य नव्हतं. मग म्हणाली, तुम्हाला वाईट वाटलं असतं, बाबा.
खूप वाटलं होतं. मी म्हटलं, 'हं.'