बेहड्याला बांधलेलं लाल फडकं

४ डिसेंबर
थंडी पडली एकदाची. पहाटे कौलांवरून टपटप ऐकू आलं, पाऊस समजून उठलो, तर दव. पऱ्ह्याच्या वाहत्या पाण्यावर तोंड धुवायला गेलो आणि धोबी पक्षी आलेला. पाठ करडी, पोट पिवळं, शेपटी सारखी खालीवर. गेल्या हिवाळ्यात याच दगडावर बसायचा. म्हटलं, या. आज बोललेला पहिला शब्द हाच. दुसरा संध्याकाळी, सावित्री वहिनींशी.
वाडीत घरं अकरा, चुली पेटतात दोन. माझी आणि वहिनींची. बाकी सगळे मुंबईला, गणपतीत आणि शिमग्याला कुलपं काढायला येतात.

७ डिसेंबर
हिचा फोन. रेंज फक्त खळ्याच्या बांधावर, तीही एका पायावर उभं राहिल्यासारखी.
"जेवलात?"
"हो."
"काय?"
"कुळथाची पिठी."
"काल?"
"पिठीच."
हसली नाही.
नातवाला सांभाळायला ती चौदाव्या मजल्यावर, मी इथे डोंगरात. चौतीस वर्षं लिफ्ट चालवली. दार लाव, वर जा, दार उघड, खाली ये. सुटलो तेव्हा म्हटलं, आता जिथे दारच नाही तिथे राहायचं. दोघं येणार होतो. नातू झाला, ही राहिली, मी आलो. तक्रार नाही. आहे थोडी.

१३ डिसेंबर
आजचा दिवस लिहून ठेवायलाच हवा.
स. ८. वरच्या रानात गोवऱ्या पेटवायला काटक्या गोळा करत होतो. डोक्यावरून सूप पाखडल्यासारखा आवाज गेला. एक, मागोमाग दुसरा. वर पाहिलं तर गरुड! इथे गरुड म्हणतात, पुस्तकातलं नाव धनेश. केवढं धूड, केवढी ती पिवळी चोच, वर आणखी शिरस्त्राण. दोघं बेहड्यावर उतरले. बेहड्याला वीसेक हात उंचीवर मोठी ढोली आहे. मादी ढोलीत डोकं घाले, बाहेर काढे, नराकडे बघे. भाड्याची खोली बघायला आलेलं जोडपं. नर बापडा गप्प बसून होता. दोन तास उभा होतो. मान आखडली. मोठ्याने हसलो, एकटाच.
परत फिरताना खाली नजर गेली. बुंध्यावर चुन्याचे दोन पट्टे. ते मीच ओढलेले.

१४ डिसेंबर
झोप नीट नाही. कारण लिहून टाकतो.
रान सामाईक, सातबाऱ्यावर आमची चौदा नावं. गणपतीत सगळे जमले तेव्हा वसंताने, माझ्या चुलतभावाने, काढलं की रान तोडून काजूची कलमं लावू. सगळे हो म्हणाले, मीही म्हणालो. इथे राहणारा मी एकटा, म्हणून ठेकेदाराला झाडं दाखवायचं काम माझ्याकडे. आंबे वगळले, फणस वगळले, रातांबे वगळले. कारण खायच्या कामाची. बेहडा पोकळ, निकामी. त्याला एक पट्टा पुरला असता, मी दोन मारले, विसरायला नको म्हणून. संमतीवर सही केली. खालून चहाची हाक आली तेव्हा हातात चुन्याचा डबा होता.
पोकळ होता म्हणून दिला, आणि पोकळ आहे म्हणूनच त्यांनी तो निवडला. कपाळ माझं.

२० डिसेंबर
वसंताला फोन केला. विरारला असतो, स्वभावाने वाईट नाही.
"दादा, एक झाड ठेवायचं? कशाला?"
"गरुड बसलेत."
"मग उडतील की."
"मादी आत बसते रे. दार लिंपून घेते. तीन-तीन महिने बाहेर येत नाही."
तो एवढा हसला की मीही हसलो. मग म्हणाला, "तू एकटा राहून राहून... मुंबईला ये बघू थोडे दिवस, वहिनीकडे." तोडणारे संक्रांतीनंतर येणार. परवानगी झाली आहे, कागदावर सही माझी. तक्रार कोणाविरुद्ध करू?
चुना धुऊन बघितला. सालीत मुरलाय.

२ जानेवारी
आंब्याला मोहर. अंगणभर वास. सकाळी भेकर भुंकलं, त्यावर शेकरूने वरून शिव्या घातल्या, बराच वेळ चाललं दोघांचं. सावर पानं गाळून बोडकी झाली, आता फुलेल. रोज वाटतं हे कोणालातरी दाखवावं. वहिनींना म्हटलं, शेकरू आलंय. म्हणाल्या, "त्ये काय, नारळ फोडतंय मेला."

१८ जानेवारी
मादी आत गेली. काल दिसली होती, आज नाही. नर चोचीतून ओली माती आणतो, ती आतून लिंपते. दुपारपर्यंत ढोलीचं तोंड अर्ध्याहून लहान.

२० जानेवारी
फक्त फट उरली आहे, उभी, चार बोटं रुंद. नर येतो, गळ्यातून एकेक उंबर वर काढतो, फटीत धरतो. आतून चोचीचं टोक येतं, उंबर घेतं. आज मोजले, अकरा. मग तो तिथेच थोडा वेळ बसतो. काही काम नसताना.
फोनवर हिला सगळं सांगितलं. ऐकत होती, नेहमीसारखं "बरं, ठेवते" म्हणाली नाही.
"तो रोज येतो?"
"दिवसातून सहा-सात वेळा."
"बरंय तिचं," म्हणाली.
मी गेल्या वर्षी तीनदा गेलो मुंबईला.

२२ जानेवारी
काल दु. खालच्या अंगाला मशीन सुरू झालं. किंजळ पडला, आवाज छातीत लागला. मुकादम भला माणूस, घाटावरचा. त्याच्याकडे यादी आहे. वरचं रान चार-पाच दिवसांत, म्हणाला.
आज स. ७ ला जे केलं ते इथे लिहितो, दुसरीकडे बोलायचं नाही. ट्रंकेतून हिच्या ओटीतला लाल खण काढला, एक नारळ घेतला. खण बेहड्याला बांधला, चुन्याच्या पट्ट्यांवरूनच. नारळ मुळाशी ठेवला, शेंदूर लावला, उदबत्ती. ज्या झाडाला राखण दिली जाते, जागेवाल्याचं, त्या जागेच्या राखणदार देवाचं म्हणून नारळ ठेवला जातो, त्याला इकडे कोणी कुऱ्हाड लावत नाही. घाटावरचेही लावत नाहीत.
देवळात मी हात जोडतो तो सवयीने. ही माझ्या नास्तिकपणाला आळस म्हणते. आज मात्र उदबत्ती लावण्याआधी चपला काढल्या. कोणाला फसवतोय, मुकादमाला की आणखी कोणाला?

२४ जानेवारी
मुकादम वर आला. फडकं बघितलं, चपला काढल्या, हात जोडले. "आधी सांगायचं ना भाऊ, यादीत कसं आलं?" मी म्हटलं, चूक झाली. हे तेवढं खरं.
नर समोरच्या ऐनावर बसून सगळं बघत होता.

२७ जानेवारी
घोळ झाला.
वरच्या रानात गेलो तर बेहड्याखाली सावित्री वहिनी. नऊवारी खोचून, चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, चढण चढून आलेली. दुसरा नारळ, जास्वंद, तांदूळ.
"भावोजी, मना म्हाईत व्हता. हय जागेवाला हाय. माजे सासूनं सांगितलान व्हता. आमी इसारलाव. तुमी नाय इसारलाव."
त्या रडत होत्या. तीन वर्षं त्यांचा मुलगा गणपतीलाही आला नाही, ते या विसरण्यामुळे, असं त्यांनी जोडून टाकलं. आता येईल म्हणाल्या. मी मान हलवली. हलवायला नको होती.
खोट्याला दुसऱ्या दिवशी पालवी फुटते हे माहीत नव्हतं.

१ फेब्रुवारी
आजूबाजूचं रान आडवं झालं. ऐन गेला, किंजळ सगळे गेले, उंबर गेला. उंबरालाही मीच पट्टा मारला होता, ते आज आठवलं. बेहडा एकटा उभा, लाल फडक्यात, गर्दीत हरवलेल्या पोरासारखा.
नर काल दुपारपासून आला नाही. संध्याकाळपर्यंत बसलो. फटीतून चोच एकदा आली, हवेत उघडली, मिटली, आत गेली.
जेवलो नाही.

२ फेब्रुवारी
स. १०, आला नाही. दु. १, नाही. मशीन बंद, मुकादमाची माणसं बाजाराला लांज्याला गेलेली. इतकं शांत की पऱ्ह्या इथपर्यंत ऐकू येत होता. मी खाली उभं राहून बोललो तिच्याशी. काय बोललो ते लिहीत नाही.
दु. ३.४०. सूप! पलीकडच्या डोंगरावरून, लांबून, खूप लांबून. आला. कुठल्या उंबरावर गेला होता कोण जाणे. सतरा फळं दिली, एकापाठोपाठ एक. मी बांधापर्यंत पळत गेलो, या वयात, हिला फोन लावला. "आला गं!" पलीकडून नातवाचं रडणं, कुकरची शिट्टी, आणि ही म्हणाली, "देवा." तिने ठेवला नाही, मीही नाही. फोन चालू होता.

५ फेब्रुवारी
वसंता आला, एसटीने, रागावून. मुकादमाने त्याला कळवलं होतं.
"कधीपासून जागेवाला रे तिथे? तू दिवा तरी लावतोस का?"
"वहिनींना विचार."
हे बोललो आणि जीभ चावावीशी वाटली. त्याने विचारलं. वहिनींनी सासूचं सगळं सांगितलं, शपथेवर. वसंता पायरीवर टेकला. घाबरलाही असावा, लहानपणी वरच्या रानात एकटा कधी जायचा नाही. चहा दिला. मग म्हणाला, "मग गावदेवीला विचारू. कौल लावू. उजवा दिलान तर झाड तिचं. डावा दिलान तर उद्याच पाडायचं. बोल."
मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो? तोपर्यंत झाडाला हात नाही, एवढं कबूल केलं त्याने.

६ फेब्रुवारी
गुरवाकडे जाऊन आलो. कौल मंगळवारी, सकाळी. देवीच्या अंगावर तांदूळ लावणार, उजवीकडचा आधी पडला तर होकार, डावीकडचा पडला तर नकार. मी म्हटलं, बरं. निघताना तो म्हणाला, "गाऱ्हाणं तुमी घालायचं हां भाऊ. ज्यानं पयला नारळ ठेवलान त्यानंच. मोठ्यानं. काय म्हणून ठेवलान त्ये सांगायचं देवीला."
हे मला माहीत होतं. लहानपणी दहा वेळा ऐकलंय. नारळ ठेवताना आठवलं नाही.

८ फेब्रुवारी
खोटं गाऱ्हाणं घालून बघितलं, घरात, एकट्याने. "हे देवी, आमच्या पूर्वजांनी इथे राखण दिली होती..." तिथेच अडलो. चौतीस वर्षं साहेबांशी खोटं बोललोय, लिफ्ट बंद आहे, लिफ्ट येतेय. इथे जमेना.
खरं सांगितलं तर? वसंता तिथल्या तिथे मुकादमाला हाक मारेल. आणि वहिनी. वहिनींचं काय करायचं, हे मला कळत नाही.
सावर फुलली. सगळी लाल. बुलबुल, मैना, कोतवाल, नुसती झुंबड. बघितलं, पण लक्ष नव्हतं.

९ फेब्रुवारी
हिला सांगितलं. सगळं, खणासकट. वाटलं चिडेल.
तिने विचारलं, "खण कुठला? अंजिरी की लाल?"
"लाल."
"तो आपल्या पहिल्या गौरीचा." मग म्हणाली, "माझ्या ओटीतला आहे ना, मग गाऱ्हाण्यात माझंही नाव घ्या. आणि खोटं नका बोलू. माझ्या नावाने नको."
"मग पाडतील."
"पाडतील तर पाडतील. पण तिला सांगा की आत कोणी बसलंय. बाई आहे ती, तिला कळेल."
देवीबद्दल बोलत होती.

१० फेब्रुवारी
संध्याकाळी वहिनींच्या ओटीवर गेलो. म्हटलं, वहिनी, पहिला नारळ मी मतलबाने ठेवला. पक्ष्यासाठी. जागेवाला मला माहीत नव्हता.
कुळीथ निवडत होत्या. निवडायच्या थांबल्या नाहीत.
"मतलबाशिवाय कोन ठेवतो वो नारळ?"
मी म्हटलं, तुमचा मुलगा...
"त्यो येयाचा तवा येल." खडा काढून अंगणात टाकला. "उद्या मी येतंय देवळात. वायच हळू चाला."

११ फेब्रुवारी, मंगळवार
स. ८.१५. दव जबर. कौल ९ ला. आंघोळ झाली, धुतलेलं धोतर नेसलो, बऱ्याच वर्षांनी.
आधी बेहड्याकडे जाऊन आलो. फडक्याचा रंग उतरलाय, दवाने चिंब. मुकादमाचं मशीन थोड्या अंतरावर, वर प्लास्टिक झाकलेलं, वसंताने काल सांगून ठेवलेलं दिसतं. नर आला. नऊ उंबरं, आणि एक चोचीतून निसटलं, माझ्या पायाशी पडलं. ते खिशात घेतलंय. आतून चोचीचं टोक आलं, घेतलं, गेलं. तिला यातलं काहीच माहीत नाही.
तिथेच उभा राहून गाऱ्हाणं म्हटलं. हे देवी, नारळ मी खोटा ठेवला. झाड मीच दिलं होतं, चुना मीच फासला. खण माझ्या बायकोच्या ओटीतला. आत एक जण बसली आहे, तिला बाहेर यायला अजून दोन महिने आहेत. एवढंच खरं आहे. आता तुझ्या हातात.
पाठ झालं. उंबर देवीपुढे ठेवीन.
वहिनी खाली वाटेवर उभ्या आहेत, काठी घेऊन. हाक मारली त्यांनी. वसंता पुढे गेला. निघतो.