सवळून घ्या

प्रिय अण्णा,

मंगळवार, ४ मार्च, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. आटपाडीजवळच्या त्या शाळेच्या पटांगणात, तुमच्या चिंचेखाली बसून लिहितोय. नऊला करवतवाले येणार आहेत. तुम्हाला जाऊन बावीस दिवस झाले, आणि हे दुसऱ्या कुणाला सांगावं ते सुचत नाही.

अण्णा, ही चिंच माझ्या एका शब्दामुळे पडणार आहे.

जानेवारीत आपण दोघं इथे आलो होतो, आठवतं? मुलं हिच्याखाली डबे खातात, म्हणून शाळेला झाडाचा अहवाल हवा होता. नेहमीसारखं झाड तुम्ही तपासणार, अहवाल मी लिहिणार. तुम्ही लाकडी हातोडीनं खोड ठोकत, कान लावत, चारी बाजूंनी फिरलात. ढोलीत पिंगळ्याची जोडी होती. मी घाबरून म्हणालो, "अण्णा, आत पोकळ आहे!"

तुम्ही हसलात. "पोकळ हाय, मेल्यालं न्हाई रं. भित्ताड बघ की केवढं जाड हाय. वरचं वजन तेवढं लय झालंय. लिव, सवळून घ्या."

सवळून! मी सातारा शहरात वाढलेला, बारावीत दोनदा नापास. हा शब्द कधी ऐकलाच नव्हता. विचारायची लाज वाटली. शुद्धलेखन सोडून माझ्याकडे आहे काय? अहवालात गावठी शब्द बरा दिसणार नाही, असं वाटलं. पोकळ झाड म्हणजे तोडायचंच असणार, असं धरून मी नीट अक्षरात लिहिलं, 'झाड काढून घ्यावे.' वेलांट्या, उकार, सगळं बरोबर.

आणि तुम्ही न वाचता सही केलीत! "तू लिवलंस म्हंजी बरूबरच आसणार." का, अण्णा? एकदा तरी वाचायचं होतं ना!

काल तोडणीच्या देखरेखीसाठी आलो. वाटेत एक आजी शेळ्यांना बाभळीचा पाला घालत होत्या. म्हणाल्या, "आत्ताच सवळली." बाभळ तर त्यांच्या मागे उभी होती! मी विचारलं, "आजी, सवळली म्हणजे तोडली ना?"

"आरं, तोडल्यावर पुढच्या साली शेळ्या काय तुझं डोस्कं खातील? फांद्या उतरवल्या नुसत्या. लय शिकलायस वाटतं!"

तसाच मुख्याध्यापकांकडे गेलो. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "जीव तुटतो हो, पण अण्णांचा शब्द आहे. तोडायलाच हवं." मी मान हलवली. नुसती मान हलवली, अण्णा!

खरं सांगितलं, तर मला एकट्याला यापुढे काम कोण देईल? नाही सांगितलं, तर कुणाला कधीच कळणार नाही. चूक तुमच्या नावावर राहील. या दुसऱ्या विचाराचीच मला जास्त भीती वाटते, कारण तो फार सोपा आहे.

ढोलीच्या तोंडाशी पिंगळा बसलाय. माझ्याकडे बघून मान खालीवर करतोय. काल मीही अशीच हलवली होती.

नवा कागद लिहिलाय. 'झाड सवळून घ्यावे. आधीच्या अहवालातील चूक लिहिणाऱ्याची आहे, तपासणाऱ्याची नाही.' मुख्याध्यापक फाटकातून आत येतायत. उठतो.

न कळलेला शब्द विचारल्याशिवाय लिहिणार नाही, लोक कितीही हसले तरी. हे वचन.

तुमचा,
निखिल
(वाचून सही केली आहे.)