खोटा पाच-नऊ

प्रमोदच्या बाबाले,

तुमी गेल्यापासून तुमच्या खोलीत मी पाय ठेवला नवता. आज ठेवला. तुमचा तो बोलाचा-आयकाचा रेडिओ चालू केला. बोलाचं लायसन मले नाई, पन आयकाले कोन अडवते? त अकोल्याचे जमीलभाई लागले. एरियलची नवी तार बांधली म्हने, "माह्या आवाजाचा रिपोर्ट द्या."

चार-पाच जनाईनं लगेच सांगतलं, "पाच-नऊ! एकदम मस्त!" आन त्यातलाच एक मागून म्हन्ते, "नाव पुन्हा सांगा जी, आयकू नाई आलं." आता काय म्हनावं! नाव आयकू येत नाई आन पाच-नऊ?

मले त कढईत जिरं फुटल्यावानी खरखर आयकू येत होती.

पन मंग मीच गोंधळली. तुमी सांगतलं होतं, पयला आकडा पाचापैकी, बोलनं किती समजलं त्याचा. दुसरा नवापैकी, आवाजाच्या जोराचा, काटा पाहून सांगाचा. काटा पाचाच्या पुढं सरकत नवता, बोलनं अर्धंमुर्धं. म्हंजे तीन-पाच ना? का माह्या चष्म्याचाच दोष? आता इचारू कोनाले?

या आकड्यापायी किती मानसं तोडले तुमी! अमरावतीच्या दोस्ताले तोंडावर तीन-तीन सांगतलं, तो दिवाळीपर्यंत बोलला नाई. मी म्हनली, "द्या ना फुकटचा पाच-नऊ, तुमच्या बापाचं काय जाते?" त तुमी म्हने, "अवो, खोटं सांगतलं त तो तार सुधरवन कधी?"

बोंडअळीनं कापसाची पराटी खाल्ली त्या सालांत गावात ज्याले इचारा तो "बरं हाये" म्हने. तुमी हात धरून इचारा, "बरं म्हंजे किती? नवापैकी सांग." लोक हासत. एखादा मात्र खाली बसे आन सांगे.

मंग त्या सकाळी मले काहून खोटं सांगतलं?

अंगाले घाम, तोंड पांढरं. मी इचारलं, "कसं वाटते जी?" त म्हने, "पाच-नऊ. जाय तू वेचनीले." जनमभर खोटा आकडा न देनारा मानूस! मी गेली. दुपारी आली त तुमी खुर्चीत गार.

खरंच बरं वाटत होतं का? का कापूस झडन म्हनून? का मी भेईन म्हनून? मी कोनाले भेली हो आजवर? राग करू का रडू, हेच समजून नाई राहिलं.

तुमच्या वहीतला नंबर पाहून नातीच्या फोनवरून जमीलभाईले सांगतलं, "तीन-पाच हाये तुमचं. तार उचला." ते मंग म्हने, "भाभी, बहुत दिनों बाद सच्चा रिपोर्ट मिला. आप कैसी हो?"

पाच-नऊ तोंडावर आलं होतं. गिळलं.

"समजनं एक," म्हनली. "जोर हाये अजून. सात."

यापुढं कोनी बी इचारलं त असंच सांगीन. अगदी शेवटच्या सकाळी बी. तुमच्यावानी ऐन वेळेले पलटी मारनार नाई, हा शब्द देते.

प्रमोदची माय