तेवीस नंबरचे आजोबा

बुडापेस्ट, ६ मे १९९६

चि. एतेल्कास काल्मानचे अनेक आशीर्वाद. पाठदुखीसह इथे सर्व कुशल. तू पाठवलेली सेगेदची मिरची संपत आली आहे, हे आधीच कळवून ठेवतो.

वर्तमान असे की, आपल्या देझोच्या तिमेआचं लग्न ग्योरच्या एका दंतवैद्याच्या घरी ठरलं. एकोणीस तारखेला व्याही सहकुटुंब येणार आणि देझो त्यांना तिकिटं काढून संसद दाखवणार. ट्रामच्या कारखान्यात जन्म गेला, पण पाहुण्यांना ट्राम दाखवायची नाही, संसद दाखवायची. कारण तिथे त्याचे आजोबा आहेत!

सभागृहाबाहेरच्या खिडक्यांतल्या त्या पितळी पट्ट्या तुला आठवत असतील. जुन्या काळी सभासद आत जाताना जळती सिगार तिथल्या खाचेत ठेवून जात. अदलाबदल नको म्हणून प्रत्येक खाचेला नंबर. आतलं भाषण रंगलं तर बाहेर सिगारची राख, रटाळ असलं तर मालक अर्ध्यातच परत. आई ते पितळ घासायला जायची आणि एकदा आपण तिघंही बरोबर गेलो होतो. मावशी देझोला आपल्याकडे टाकून गेली, त्याच वर्षी. मी त्याला सहज सांगितलं की, तुझी आई काही आता परत येत नाही. त्यानं भोकाड पसरलं. आता आई मला झोडपणार, म्हणून मी घाईघाईनं तेवीस नंबरवर बोट ठेवलं आणि म्हटलं, रडतोस काय वेड्या, ही तुझ्या बापाच्या बापाची जागा, केवढा मोठा सभासद होता तो! झालं. वयाच्या तेराव्या वर्षी मी एक आजोबा प्रसवलो.

गेली चाळीस वर्षं तो त्यांना मिरवतो आहे. परवा घरी येऊन म्हणाला, दादा, तू शिकलेला, तू बरोबर असलास की व्याह्यांना खरं वाटेल; तू फक्त मान हलव. मी म्हटलं, हलवीन की. उभी की आडवी, ते बोललो नाही.

लोभ आहेच, तो मिरचीसह वाढावा.

तुझा
काल्मान

सेगेद, ११ मे १९९६

ती. काल्मानदादास एतेल्काचा नमस्कार.

पत्र वाचून हसले आणि मग हसल्याची लाज वाटली. मिरची पाठवते, पण माझं एक ऐक. मान उभीच हलव.

तुझ्या त्या आजोबांनी देझोची शाळा खाल्ली, हे तू सोयीनं विसरलास. चौदाव्या वर्षी प्रवेशाच्या अर्जावर कूळ विचारलं, तेव्हा त्या भोळ्यानं सुंदर अक्षरात लिहिलं, आजोबा जुन्या संसदेचे सभासद. कम्युनिस्टांच्या त्या दिवसांत असल्या एका ओळीनं माणूस जनतेचा शत्रू ठरायचा. त्याला शाळेनं नाकारलं आणि हातात पाना आला. आई मुख्याध्यापकांच्या दारात तीन दिवस उभी होती. तू त्याच शाळेत लॅटिनमध्ये पहिला येत होतास. सर, ते मी रचलेलं आहे, एवढं एक वाक्य तुला बोलता आलं असतं. जेव्हा खरं बोलायला हवं होतं, तेव्हा तू गप्प बसलास. आता गप्प बसायचं आहे, तर तुला सत्याचा उमाळा आलाय!

त्याच्याकडे मुलीला द्यायला दुसरं घराणं नाही, दादा. लहान बहिणीचं एकदा तरी ऐकशील, या आशेवर थांबते.

एतेल्का

बुडापेस्ट, २० मे १९९६

चि. एतेल्कास आशीर्वाद. मिरची पोचली. उपदेशही पोचला, किंचित उशिरा. टपालखात्याला दोष देऊ नकोस. दोन्ही एकाच पुडक्यात, शुक्रवारीच आले होते.

देझोनं नवा कोट शिवला होता. मार्गदर्शक मुलगी सोनेरी जिन्याबद्दल सांगत होती, तेव्हा याचं लक्ष खिडक्यांकडे. अखेर पट्ट्या आल्या. तो तेवीस नंबरपाशी ताठ उभा राहिला आणि व्याह्यांना म्हणाला की, ही आमच्या आजोबांची. इतका ताठ मी त्याला कधी पाहिला नव्हता. विहीणबाईंनी फोटो काढला. दंतवैद्यानं मला विचारलं की, प्रोफेसर, कोणत्या पक्षाचे हो? देझो माझ्याकडे पाहत होता. लहानपणी माझ्या ताटातल्या खसखशीच्या शेवयांकडे पाहायचा, तसाच.

मी म्हणालो की, पक्षाचं ठाऊक नाही, पण हे आजोबा माझं अपत्य. पोरगं रडायचं थांबेना, म्हणून रचले. एवढंच. सिगारच्या एका झुरक्याएवढंही लांब भाषण नव्हे.

सगळे हसले, दंतवैद्य सर्वांत जास्त. तिमेआ तेवढी खिडकीबाहेर नदी पाहत राहिली. देझोही हसला. मग खिशातला रुमाल काढून त्यानं तो तेवीस आकडा पुसला, आई पुसायची तसा, कडेकडेनं. पुढे मिठाईच्या दुकानात व्याही त्याला म्हणत होते, सभासद महाराज, केक घ्या. सभासद महाराज, दात तरी स्वतःचे आहेत ना? तो घेत होता, हसत होता.

विनोद विनोद म्हणून घ्यावा, एवढंच माझं म्हणणं. तरी तो आकडा त्यानं का पुसला असेल, तुला काही सुचलं तर कळव.

काल्मान

बुडापेस्ट, २७ मे १९९६

श्रीयुत काल्मान यांस,

आपण एतेल्काताईला विचारलंत, तिनं मला विचारलं, म्हणून उत्तर थेट आपल्यालाच लिहितो.

एकोणिसाव्या वर्षी मी वाचनालयात बसून जुन्या सभासदांच्या सगळ्या याद्या वाचल्या. आमचं आडनाव कुठेच नव्हतं. शाळा कशापायी गेली, ते त्या दिवशी कळलं. तरीही मी सांगत राहिलो, कारण त्या घरात आपल्या हातून मला मिळालेली ती एकच वस्तू होती. माझं रडणं थांबावं म्हणून आपण दिली होती, आणि रडणं थांबलंही होतं. आपल्याला बरोबर नेलं ते मान हलवायला नव्हे. वाटलं, एकदा तरी ती आपण पुन्हा द्याल.

दिलेलं परत घेण्याचा हक्क देणाऱ्याचाच. तक्रार नाही. पितळ मात्र परत करताना पुसून करावं, असं आई सांगायची.

लग्न ठरल्या दिवशीच आहे. मुलीकडच्या वडीलधाऱ्याची खुर्ची आपली होती. ती तशीच मांडणार आहोत, पण आपण येण्याची तसदी घेऊ नये. व्याह्यांनी विचारलं तर सांगेन की, ती आजोबांची आहे.

आजवर लोभ होता. कळावे.

देझो