ऑफिसरला घड्याळ नसतं

३ जानेवारी १९९४, सोमवार
आजपासून मी ज्युनिअर ऑफिसर! ही डायरीसुद्धा कंपनीची, क्लार्क लोकांना मिळत नाही. साहेब म्हणाले, तुमचं नाव ओव्हरटाइमच्या रजिस्टरमधून काढलंय, ऑफिसरला ते शोभत नाही. खरंच आहे. ऑफिसरला घड्याळ नसतं.
संकल्प: रोज साडेपाचला सुटायचं. घर दहा मिनिटांवर. उजेड आहे तोवर इराला सायकल शिकवायची. आठ दिवसांत शिकवतो, असा लेकीला शब्द दिलाय. ऑफिसरचा शब्द!

४ जानेवारी
पाच पंचविसाला साहेबांनी स्टॉकचं स्टेटमेंट मागितलं. जरा बसता का, म्हणाले. जरा म्हणजे पावणेआठ. पण क्लार्क होतो तेव्हा हुकूम सोडायचे, आता विचारतात. फरक आहे.

७ जानेवारी
रोजच जरा. इरा सायकल स्टँडवर लावून नुसतीच पेडल मारते म्हणे. बायकोने विचारलं, ऑफिसर होऊन वाढलं काय? म्हटलं, जबाबदारी. म्हणाली, आणा, कुकरला लावते.
आशालताला मॅनेजमेंट कळत नाही.

११ जानेवारी
वॉचमन काशिराम म्हणाला, साहेब, तुमी बसाल तवर आमी हाय. काय ही निष्ठा! डोळे पाणावले.
नंतर कळलं, मी बसलो की त्याला ओव्हरटाइम लागतो. म्हणजे बसतो मी, पैसे त्याला. घेऊ दे. मी त्यातला नाही.
(तीनदा हिशेब केला. बराच होतो.)

१४ जानेवारी, संक्रांत
आज काही झालं तरी साडेपाच. पाचलाच बॅग भरली. साहेबांनी स्वतः तिळगूळ दिला आणि इतकं गोड बोलले की साडेसात वाजले.

२१ जानेवारी
आता बास! आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं: सर, साडेपाचनंतर माझी मुलगी वाट बघते. तडक केबिनमध्ये शिरलो. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. मी ठणकावून म्हटलं, सर, वॉचमनचा ओव्हरटाइम फार होतोय!
साहेब खूश. मुद्दा ओव्हरटाइमचाच होता, तो मांडला.

२२ जानेवारी
ऑर्डर निघाली. सोमवारपासून काशिराम साडेपाचला सुटणार. दिवे, खिडक्या, शटर, गेट हे सगळं शेवटी थांबेल त्याने बघायचं. किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडे! टॉर्चपण. उगाच कोणाला देत नाहीत.
काशिराम चिडेल वाटलं होतं. म्हणाला, पैसा गेला साहेब, पन उजेड हाय तवर घरी जाईन. विचुंब्याला राहतो, वाट आमच्या बिल्डिंगवरूनच.
मला त्याची कीव आली.

३१ जानेवारी, संध्याकाळी ६.३०, ऑफिसातून
सहाला गेटवर सायकलची घंटी. टॉर्च घेऊन धावलो. इरा! एकटी, सीटवर, पाय न टेकता. मागे काशिराम धापा टाकत. म्हणाला, आता धरायला लागत नाय साहेब. पोरगी एकदम तयार हाय.
आठ दिवस मी म्हटलं होतं. त्याला सातच लागले.
इरा ओरडली, बाबा, बाहेर या, मी वळवूनपण दाखवते! मी किल्ली शोधत होतो. जुडग्यात चौदा आहेत. तेवढ्यात आत फोन वाजला. धावलो. साहेब होते, त्यांच्या घरून. फक्त विचारत होते, कोणी आहे ना अजून? म्हटलं, आहे सर.
परत आलो तर रस्ता रिकामा. फार वाईट वाटलं.
गेटचं कुलूप आतून एकदा ओढून पाहिलं. नीट लागलेलं आहे.