यादीतलं तिसरं नाव

४ मे
पोचलो एकदाचे. भाड्याच्या गाडीचं स्टिअरिंग आपल्या उलट्या बाजूला, त्यामुळे पहिल्याच वळणावर मी दिव्याऐवजी वायपर चालू केला. बाबा हसून बेजार. एकतीस वर्षं बसवर कंडक्टर होते, शेजारी बसून मला गाडी शिकवायची संधी ते सोडतील होय! शहर मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना नुसती पिवळी शेतं.

खरं तर ही सहल आईची. गावं तिनंच निवडली, खोल्या मी आरक्षित केल्या, प्रत्येक मुक्कामी दाखवायच्या यादीत तिघांची नावं. मार्चमध्ये ती गेली. मी यादीतून तिचं नाव काढणार होते, तर बाबांनी हात धरला. त्यांच्या धंद्यातला नियम असा, की यादीतलं नाव कंडक्टरनं खोडू नये. खोडलं, की तो प्रवासी पुढच्या थांब्यावर हात करून उभा असतो. सीट रिकामी गेली तर जाऊ दे. मी कपाळाला हात लावला आणि नाव राहू दिलं. मनातून बरंही वाटलं.

५ मे
शेतावरच्या घरात उतरलोय. मालकीणबाईंनी चष्मा नाकावर ओढून यादी वाचली आणि तीन खाटांची खोली दिली. नाश्त्यालाही तीन बश्या. बाबांनी तिसरी परत नेऊ दिली नाही. दुपारी पेट्रोल पंपावर उभे असताना ते अचानक रडायला लागले. दोन महिन्यांत पहिल्यांदा. मग मीही. पंपवाला बिचारा पाण्याची बाटली घेऊन धावत आला.

६ मे
तिसरी खाट सकाळी वापरलेली होती. चादरीची घडी पायथ्याशी, त्यावर उशी. आई ठेवायची तशी. मला वाटलं बाबांनी केलं, त्यांना वाटलं मी. गाडीत मागच्या सीटच्या पट्ट्याची शिट्टी वाजत राहिली. सामान तर सगळं डिकीत होतं. शेवटी बाबांनी मागे वळून पट्टा अडकवला, तेव्हा थांबली.

७ मे
बाबा मागे बघून बोलतात. नळ गळतोय, शेजाऱ्यांच्या मुलीला नोकरी लागली, असलं काहीबाही. चेहरा किती दिवसांनी खुललाय. मला मात्र आरशात कुणी दिसत नाही. हेवा वाटला, सरळ लिहून टाकते. मी म्हटलं, आई, माझ्याशीही बोल. उत्तर आलं. हळू, गोड आवाजात, पण इथल्या भाषेत.

आईला ही भाषा येत नव्हती. बाबा म्हणाले, सहलीसाठी गुपचूप फोनवर शिकत होती, तुला चकित करणार होती. मला काहीच ठाऊक नव्हतं. माझा विश्वास बसला नाही.

८ मे
इथल्या मालकीणबाईंना खुणेनं विचारलं, आम्ही किती जण? तीन बोटं. तिसरी कशी दिसते? त्यांनी वळून पाठ दाखवली. कायम पाठमोरी.

बाबा दोन दिवस जेवले नाहीत. म्हणतात, शेवटच्या गावी तिच्यासोबतच राहतो, तू परत जा. आई त्यांना कधी उपाशी ठेवेल? ही आई नाही. एक गेली, दुसरा मी जाऊ देणार नाही.

यादी काढली. नाव खोडलं.

९ मे, सकाळ
काल रात्री पोचलो त्या नव्या जागी खाटा दोनच. बाबा एवढंच म्हणाले, खोडायला नको होतंस, बाळ.
मी गाडी विमानतळाकडे वळवली. वळणावर एक बाई, पाठमोरी, हात केलेला. थांबले नाही. पुढच्या वळणावर — तीच. त्याच्या पुढच्याही —

दुपार
पाणी घ्यायला पाच मिनिटं दुकानात गेले. आले तर शेजारच्या सीटवर ती. खिडकीकडे तोंड. बाबा नाहीत.

दुकानदारानं खुणा करत सांगितलं, म्हातारे उतरले, दार धरलं, तिला बसवलं, रस्त्यानं चालत गेले. बस भरली की बाबा आपली सीट बाईमाणसाला देत. उभ्यानं — एकतीस वर्षं —

रस्ता सरळसोट. चालणारं कुणीच नाही.

पोलीस आले. यादीत दोन, गाडीत दोन. हरवलं कोण, म्हणाले. गेले.

मी ओरडले तिच्यावर. माझे बाबा परत दे. नको ते बोलले —
तिनं तोंड वळवलं.

आई आहे. खरंच आई. डोळ्यांखालचा तीळ, सगळं — आणि मी तिला —

विचारतेय. आपल्या भाषेत. हे कुठे दिसत नाहीत गं?

मी तिला काय सां