भरमारीसाठी जपानी शब्द

बाबा, निवृत्तीनंतर मी जपानी शिकतेय. तुम्ही असता तर म्हणाला असता, "कायले? तिकडं कोन हाये आपलं?" कुणी नाही. पण शिकवणाऱ्या बाईंनी वडिलांवर लिहायला सांगितलं, ते तिकडच्या एका छोट्या मासिकात छापून येणार आहे, आणि मी तुमच्या भरमार बंदुकीपाशी अडकले आहे. तिच्यासाठी दोन शब्द आहेत. 'तेप्पो' हा तिकडच्या गावातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडचा. 'जू' हा परवान्यातला, बातम्यांतला. बाई म्हणतात, छापील मजकुरात जू शोभेल. मला भीती वाटते, जू वाचून तिकडच्या लोकांना तुम्ही कुणी हत्यारबंद माणूस वाटाल.

तुम्ही तर ती आपल्या बोरी अरब गावच्या वावरातली रानडुकरं हाकलायला ठेवली होती. निवडणूक लागली की ठाण्यात जमा करायची. आई तिला जुन्या लुगड्यात गुंडाळून देते आणि म्हणते, "चालली माहेरी! आता मतदानापर्यंत डुकरायची दिवाळी." तुम्ही ती सायकलच्या दांड्याला बांधता. कॉन्व्हेंटला सुट्टी, म्हणून मी मागे कॅरिअरवर. ठाण्यातला हवालदार 'शस्त्र' असं लिहितो. तुम्ही वाकून बघता.

"शस्त्र काय म्हनता साहेब, भरमार हाये ते."

"काका, कागदावर असंच लिहा लागते. घरी तुमी काईबी म्हना!"

मग ती परत येईपर्यंत तुम्ही वावरात रिकामा डबा बडवत, ओरडत फिरायचात. घसा बसायचा. आई गूळ-हळद उकळून द्यायची आणि हसायची.

तुम्ही गेल्यावर ती कायमची जमा करायला मीच गेले. टेबलामागच्या मुलीनं विचारलं, "शस्त्र?" मी "हो" म्हणून सही केली. तुमच्यासारखं बोलायला सुचलंच नाही.

आज सुचलं. सगळीकडे तेप्पो लिहिलंय, फक्त हवालदाराच्या कागदावर जू ठेवलंय. बाईंना कळवलं, शब्द बदलणार असाल तर लेख परत द्या. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. माहेरासाठी मात्र तिकडे नेमका शब्द निघाला, बायको रुसून जाते तेच माहेर. तुम्ही ऐकलं असतं तर आईला हाक मारून सांगितलं असतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. ठाण्यातून येताना लुगडं तेवढं मी परत मागून घेतलं होतं. त्याच्या घडीत ठेवते. त्याला अजून भरमारीच्या तेलाचा वास येतो. बाबा, मी ते धुतलेलं नाही.